चव्वेचाळीस नंबरचा उसना कोट

मी एक जुना काळा कोट आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही.

मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, म्हणजे मागाहून तक्रार नको. काळा कोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वकील उभा राहिला असेल. मी तसला नाही. मी थाटाच्या जेवणाचा कोट आहे. माझी कॉलर साटिनची, पुढे बटण एकच आणि आतले अस्तर गडद लाल. सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या एका प्रवासी बोटीवर मी तेहतीस वर्षे काढली. बोटीचे नाव सांगत नाही. कोण कुठे कान लावून बसले आहे, काय सांगावे!

माझा जन्म व्हँकुव्हरच्या एका शिवणकारखान्यात झाला. एकाच ताग्यातून आम्ही बारा भाऊ कापले गेलो, बारा वेगवेगळ्या मापांचे. कातर चालवणारा माणूस कापताना दर वेळी चार बोटे कापड वाचवत होता आणि वाचलेले कापड टेबलाखालच्या पेटीत सारत होता. मालकाच्या देखत सारत होता की नकळत, हे मला आजही ठाऊक नाही. पण जगात आल्या आल्या मी पाहिले ते हे. तेव्हापासून जो समोर येईल त्याच्याकडे मी आधी तिरक्या नजरेने बघतो. माझ्या मानेमागे पांढऱ्या फितीवर '४४' असा आकडा शिवला गेला. तेच माझे नाव.

इतर कोटांना मालक मिळतो. आम्हाला मिळाला नाही, कारण आम्ही उसने द्यायचे कोट होतो. आमच्या बोटीवर आठवड्याच्या सफरीत दोन रात्री थाटाच्या असत. त्या रात्री अंगात कोट असल्याशिवाय कुठल्याही पुरुषाला मोठ्या डायनिंग हॉलमध्ये पाऊल टाकता येत नसे. बायका झगमगते लांब गाऊन घालून जिना उतरत, फोटोवाला त्यांना कठड्याला टेकवून उभे करी, आणि नवरे मागे ताटकळत राहत. आता अलास्काला निघालेला माणूस बॅगेत काय भरतो? रेनकोट, लोकरीची टोपी, चिखलाचे बूट आणि दुर्बीण. कोट तेवढा विसरतो, किंवा विसरलो असे म्हणतो. अशा सगळ्यांसाठी डायनिंग हॉलच्या दाराशी पितळी दांडीवर आम्ही बारा जण टांगलेले असू. कोट घ्यायचा, जेवायचे आणि जाताना दारातच परत करायचा, असा नियम होता.

दाराशी उभा असे रामिल मकारायग. हा डायनिंग हॉलचा मुख्य वेटर, फिलिपीन्सच्या पंगासिनानचा, तेवीस वर्षे याच बोटीवर. समोरच्या माणसाच्या खांद्यांवर एकदाच नजर टाकायचा आणि दांडीवरून नेमका त्याच्या मापाचा कोट काढायचा. मापाची पट्टी मी त्याच्या हातात कधी पाहिली नाही. आणि प्रत्येकाला एकच वाक्य, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने: "या सर, तुमचा कोट केव्हाचा तुमची वाट बघतोय."

मला त्या गोडव्याचाही संशय यायचा. रोज इतके गोड बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असणारच, असे मी धरून चाललो होतो.

तसे माझे अंदाज सहसा चुकत नसत. स्वतःच्या कोटाच्या खिशात माणूस जपून हात घालतो. उसन्या कोटाचे त्याला काय? माझ्या खिशात मी लोण्याने माखलेले पाव वागवले आहेत. नॅपकिनमध्ये गुंडाळलेली अख्खी लॉबस्टरची शेपूट वागवली आहे. एका न्यायाधीशाने तर आपली कवळी माझ्या खिशात टाकली आणि फोटोत तोंड मिटून हसला. कॅसिनोत हरलेल्या पैशांचा आकडा लिहिलेले चिटोरे, बायकोपासून लपवलेली मिठाई, जुनो बंदरातल्या दुकानातून 'चुकून' आलेला चांदीचा चमचा. असे तेहतीस वर्षे आतून बघितल्यावर तुम्हीही माझ्यासारखेच झाला असता.

एक मात्र कबूल करतो. आठवड्याची दुसरी थाटाची रात्र सरली की रामिल आम्हा बाराही जणांना खांद्यावर टाकून खाली लॉन्ड्रीत न्यायचा. तिथे शिवणयंत्रावर नेनिता बसायची. तीही त्याच्याच मुलखातली, त्याला 'कुया' म्हणजे थोरला भाऊ म्हणायची आणि धाकट्या बहिणीच्या हक्काने झापायची. आमच्यावर वाफ फिरायची, सैल बटण घट्ट व्हायचे, उसवलेली शिवण बसायची. पण मनात मी म्हणायचो, पगार मिळतो म्हणून करतात, उपकार कसले?

मग दिवस पालटले. आधी गळ्यातला बो गेला, मागोमाग टाय गेला. जीन्स चालतील असे ठरले, आणि मग त्या फुगीर जाकिटांचा सुळसुळाट झाला. चिमटीत धरली तर हवाच निघेल अशी ती जाकिटे! खुर्चीच्या पाठीवर टाकली की फिस्सकन बसायची आणि आमच्याकडे बघून हसायची, असा माझा ठाम समज आहे. प्रवाशांत दोन तट पडले. लॉबीत रोज वादावादी.

"सुट्टीवर आलोय मी, कुणाच्या लग्नाला नाही!" एक गृहस्थ ओरडायचे.

"आणि मी हा गाऊन फ्लोरिडाहून आणलाय तो कुणाला दाखवू? देवमाशांना?" एक बाई तितक्याच मोठ्याने विचारायच्या.

त्याच सुमारास बोटीवर नवा हॉटेल मॅनेजर आला. त्याचे नाव वेक्सलर. वय चौतीस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हसताना सगळे दात दिसायचे. माणूस हसताना किती दात दाखवतो त्यावर माझे बारीक लक्ष असते. पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या दांडीपुढे उभे राहून नाक मुरडले.

"रामिल, लोकांना मोकळं वाटलं पाहिजे. दारात अडवायचं, कोट चढवायचा, ही काय शाळा आहे?"

"सर, कोट अंगात असला की माणूस जरा हळू बोलतो," रामिल म्हणाला. "वेटरला चुटकी वाजवून बोलवत नाही."

"मग आपण वेटरांना चुटकीची सवय लावू!" वेक्सलर म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

लॉन्ड्रीला जाणाऱ्या यादीतून त्याने आमचे नाव खोडले. लवकरच टाकून द्यायच्या मालावर दोरा कशाला खर्च करायचा, असे त्याचे म्हणणे. तो अख्खा उन्हाळा आम्ही दारातच लटकत राहिलो. ना वाफ, ना सुई. माझ्या आतल्या खिशाच्या कोपऱ्यातली शिवण तेव्हाच उसवली. आधी दोन टाके सुटले, मग चार. बोट जाईल एवढे भोक पडले. मला सोडून हे कुणालाही ठाऊक नव्हते.

अखेर पत्रक निघाले. पुढच्या सफरीपासून थाटाची रात्र बंद, ज्याला जे वाटेल ते त्याने घालावे. शेवटची थाटाची रात्र बोट हिमनदीपाशी थांबते त्या दिवशी होणार होती, आणि दुसऱ्या दिवशी केचिकन बंदराला आम्हा बारा जणांना उतरवून जुन्या कपड्यांच्या दुकानात द्यायचे ठरले.

त्या दिवशी सकाळभर बोट हिमनदीसमोर उभी होती. प्रवासी घोंगड्या पांघरून डेकवर गरम सूप पीत होते, आणि बर्फाचा कडा कोसळला की टाळ्या वाजवत होते. काहीतरी मोडले की माणसे टाळ्या का वाजवतात, हे कोडे मला सुटलेले नाही. संध्याकाळी ऊन अजून लख्ख असतानाच जेवणाची वेळ झाली आणि दारात एक उंच म्हातारा आला. अंगात चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट. बरोबर चाळिशीतली मुलगी, निळ्या गाऊनमध्ये.

"बाबा, कोट घ्या म्हणून तीनदा सांगितलं होतं तुम्हाला," ती दात आवळून म्हणाली.

"आणि मी पण तीनदा सांगितलं होतं जोलीन, की मी बर्फ बघायला चाललोय. बर्फाने मला कोट विचारला नाही."

"या सर," रामिल म्हणाला, "तुमचा कोट केव्हाचा तुमची वाट बघतोय." आणि त्याने मला काढले.

म्हाताऱ्याचे नाव डेल्बर्ट हॅनफर्ड. स्पोकेनकडचा, सफरचंदांची बाग असलेला, एकाहत्तर वर्षांचा. खांदे रुंद होते, एक जरा उतरलेला. मी त्याला अगदी बरोबर बसलो. त्याच्या टेबलावर आयरिस पेटिबोन नावाच्या बाई होत्या, चंदेरी टिकल्यांच्या गाऊनमध्ये. जोलीन फोटोवाल्याकडे आपले फोटो निवडायला गेली आणि हे दोघेच शेजारी शेजारी उरले. बाईंनी बागेबद्दल विचारले. डेल्बर्ट म्हणाला, सफरचंदाचे झाड आणि शाळामास्तर यांना लवकर थंडी वाजते, आणि बाई खळखळून हसल्या. त्या स्वतः शाळेत शिकवायच्या.

तेवढ्यात टेबलाखाली त्याची हालचाल मला कळली. उजव्या हाताने त्याने डाव्या बोटातली लग्नाची अंगठी फिरवून काढली आणि कुणाला कळू न देता माझ्या आतल्या खिशात सोडली.

सापडला, मी म्हटले. घरी बायको वाट बघत असेल आणि हा इथे सफरचंदांच्या गोष्टी सांगतोय. असल्या माणसांना मी वासावरून ओळखतो. अंगठी खिशात थांबली नाही. भोकातून घसरली, अस्तराच्या आतून खाली गेली आणि पाठीमागच्या दुमडीत जाऊन बसली. फार थंड लागली ती मला.

मग दिवे मंद झाले आणि वेटरांची मिरवणूक निघाली. आमच्याकडे थाटाच्या रात्री 'बेक्ड अलास्का' नावाचा केक येतो, आत आइस्क्रीम आणि वरून पेटवलेला. वेटर तो डोक्यावर घेऊन नाचतात आणि प्रवासी नॅपकिन गरागरा फिरवतात. शेवटची रात्र म्हणून त्या दिवशी लोक खुर्च्यांवर उभे राहिले. डेल्बर्टही घाम येईपर्यंत नॅपकिन फिरवत होता. संपल्यावर त्याने मला काढून दारात रामिलच्या हाती दिले आणि आयरिसबाईंबरोबर डेककडे चालू लागला, शीळ घालत. अंगठीचे त्याला भानच राहिले नाही.

सकाळी नाश्त्याच्या वेळी जोलीनचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

"बाबा, तुमची अंगठी कुठाय?"

थोड्याच वेळात तिघेही दांडीपुढे उभे होते: डेल्बर्ट, जोलीन आणि वेक्सलर. डेल्बर्टचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बोटं सुजली होती," तो मुलीकडे न बघता म्हणाला. "खारट हवा. म्हणून काढून कोटाच्या खिशात ठेवली."

वेक्सलरने घाणीत हात घालावा तसा दोन बोटांनी माझा खिसा चाचपला. "रिकामा आहे. रात्री कोट कुणाकडे दिलात?"

"यांच्याकडे," डेल्बर्ट हळूच म्हणाला.

"मला काही मिळालं नाही, सर," रामिल म्हणाला. "मिळालं असतं तर रात्रीच केबिनवर आणून दिलं असतं."

"आईची अंगठी तिच्या बोटातच ठेवली आम्ही, पुरताना," जोलीन म्हणाली. "दोन वर्षं झाली. जोडीतली ही एकच उरलीय आमच्याकडे. मला दुसरं काही नको. अंगठी परत द्या."

म्हणजे बायको घरी वाट बघत नव्हती. ती या जगातच नव्हती. मला पहिला झटका बसला तो तिथे. पण अंदाज एकदा चुकला म्हणून काय झाले, असे म्हणून मी स्वतःला सावरले.

बोटीचा नियम कडक होता. प्रवाशाची चोरीची तक्रार आली आणि वस्तू सापडली नाही, तर ज्याच्या हातून ती गेली त्याला पुढच्या बंदरावर उतरवायचे आणि तिथून घरी पाठवायचे. चोरीचा डाग लागलेल्या माणसाला मग दुसरी कुठलीही बोट घेत नाही.

"बारा वाजता केचिकन," वेक्सलर घड्याळ बघत म्हणाला. "सामान आवर, रामिल. आणि जाता जाता हे कोट तेवढे खाली पोचव. तुझ्याबरोबरच उतरतील."

"सर, तेवीस वर्षांत..."

"तेवीस वर्षांत सापडला नाहीस, एवढंच म्हणता येईल."

मित्रांनो, त्या क्षणी मला जन्मात पहिल्यांदा तोंड असावेसे वाटले. अंगठी माझ्या पाठीत होती. मी ओरडून सांगितले असते. पण माझ्या बाह्या लोंबत राहिल्या आणि माणसे निघून गेली.

रामिलने आम्हाला खांद्यावर टाकले आणि नेहमीसारखा लॉन्ड्रीत उतरला. वाफेचे यंत्र चालू केले. नेनिता उठून उभीच राहिली.

"कुया, डोकं फिरलंय का तुझं? दोन तासांत तुला उतरवतायत आणि तू कोटांना इस्त्री करतोस?"

"चुरगळलेले कोट कुणाच्या दारात नेऊन टाकायचे?"

"आणि तुला चुरगळून टाकतायत ते?"

रामिलने पुढचा कोट उचलला. एकेक कोट वाफेखाली घालत माझ्यापर्यंत आला. माझा खिसा उलटा करताच त्याला भोक दिसले. "अरे अरे," तो म्हणाला, जणू माझे काही दुखत होते. मग त्याने सुईत लाल दोरा ओवला आणि अस्तर सरळ करायला हाताने खाली ओढले. दुमडीशी त्याचा हात थांबला. त्याने चाचपले. पुन्हा चाचपले.

नेनितानेही हात लावून बघितला. "काढ! काढ आणि धावत वर जा!" ती म्हणाली, आणि लगेच तिनेच त्याचे मनगट धरले. "थांब. काय सांगशील वर जाऊन?"

"सांगेन अस्तरात होती."

"आणि ते काय म्हणतील? यानेच घेतली, उतरवणार म्हटल्यावर घाबरला, आता सापडली म्हणतोय. तो दातवाला मॅनेजर तर नक्की म्हणेल."

सुकवणीचे यंत्र घरघरत होते. नेनिताने दाराबाहेर डोकावून बघितले.

"शिवून टाक," नेनिता हलक्या आवाजात म्हणाली. "जाऊ दे केचिकनला कोटाबरोबर. तसंही तुला घालवतायत, असंही घालवतील. तू घेतली नाहीस हे तुला माहीत आहे ना? बस झालं."

रामिलने सुई उचलली. दुसऱ्या हाताची दोन बोटे भोकातून आत घातली आणि अंगठी पकडली.

आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते मी लपवणार नाही. मी म्हटले, घेतली! शेवटी यानेही घेतली. नोकरी गेलीच आहे, तर रिकाम्या हाताने कशाला जायचे? तेवीस वर्षे ज्या हाताने माझी बटणे शिवली, त्या हाताबद्दल मी असे म्हटले.

त्याने अंगठी बाहेर काढली नाही. अस्तराच्या आतूनच ती खाली ढकलली, दुमडीत, होती तिथे. सुई त्याने आपल्या शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली.

"मी काढली तर ती चोरीची," तो म्हणाला. "त्यांनी काढली तर ती हरवलेली."

वेक्सलरच्या ऑफिसात बाप-लेक कागदावर सही करायलाच बसले होते. खिडकीतून केचिकनचा धक्का दिसत होता. रामिल मला हातावर घेऊन आत गेला.

"सर, मी सामान भरलंय," तो वेक्सलरला म्हणाला. "जातो. एकच विनंती आहे. मिस्टर हॅनफर्डनी हा कोट एकदा अंगात घालावा आणि अंगठी कशी ठेवली ते करून दाखवावं."

"हे काय नाटक आता?" जोलीन म्हणाली.

डेल्बर्ट मात्र उठला. मला वाटते आपल्यामुळे सकाळपासून चाललेले हे सगळे नुसते बघत बसणे त्याला असह्य झाले होते. त्याने मला चढवले. डाव्या हातातली नसलेली अंगठी काढल्यासारखे केले, उजवा हात आतल्या खिशात घातला, आणि दचकला.

"भोक आहे इथे. बोट जातंय माझं."

जोलीन पुढे झाली. तिने माझे अस्तर वरून खाली दाबत नेले, पाठीमागे आली आणि दुमडीशी थांबली. "बाबा, काहीतरी कडक आहे."

रामिलने खिशातली छोटी कात्री काढून टेबलावर ठेवली आणि दोन पावले मागे सरकला. "तुम्हीच कापा, मॅडम."

तिने चार टाके कापले. अंगठी टपकन गालिच्यावर पडली. डेल्बर्टने वाकून उचलली आणि बोटात घातली. ती सहज गेली, अगदी सैल. जोलीन त्या बोटाकडे बघत राहिली.

"बोटं सुजली होती ना?"

डेल्बर्ट खाली बसला. "नव्हती सुजली," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, जो भेटतो तो अंगठीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि 'बिचारा' म्हणतो. एक संध्याकाळ मला कुणी बिचारा म्हणू नये असं वाटलं गं. एकच संध्याकाळ. तुझ्या आईला विसरलो नाही मी."

जोलीनने त्याच्या उतरलेल्या खांद्यावर, म्हणजे माझ्याच खांद्यावर, हात ठेवला. ती रडत होती. मलाही गलबलून आले, हे इथे लिहून ठेवतो.

पण वेक्सलर हुशार होता. त्याने टेबलावर पेन्सिल आपटली. "ते सगळं ठीक आहे. पण रामिल, तुला कसं कळलं की अंगठी अजून या कोटातच आहे? सकाळी मी स्वतः खिसा बघितला होता. तेव्हा गप्प होतास. आणि आता बरोबर हाच कोट घेऊन आलास?"

रामिलने तोंड उघडले आणि मिटले. खरे सांगितले असते तर नेनिता म्हणाली तसेच झाले असते.

डेल्बर्ट त्याच्याकडे बघत होता. त्याची नजर रामिलच्या कॉलरवर गेली. तिथे सुई होती, सुईत लाल दोरा होता, आणि माझे उघडे पडलेले अस्तरही त्याच लाल रंगाचे होते. खिसा शिवायला बसल्यावरच याला अंगठी लागली, हे म्हाताऱ्याला कळायला वेळ लागला नाही.

"मीच सांगितलं होतं त्यांना," डेल्बर्ट वेक्सलरला म्हणाला. "मघाशी निरोप पाठवला की कोट घेऊन या, मला परत एकदा बघायचाय."

"अच्छा, तुम्ही सांगितलं होतं होय!" वेक्सलरचे सगळे दात दिसले. "मग प्रश्नच मिटला." त्याने कागद फाडून टोपलीत टाकला.

जोलीन सकाळपासून बापाच्या शेजारीच बसून होती. असा कुठलाही निरोप गेला नव्हता, हे तिला पक्के ठाऊक होते. ती खिडकीबाहेर धक्क्याकडे बघत राहिली. प्रवाशाचे खोटे एका क्षणात खरे धरले गेले, आणि वेटरचे खरे सकाळपासून कुणी ऐकून घेतले नव्हते. माणसांचा हा हिशेब माझ्यासारख्या संशयी कोटालाही तेव्हाच नीट कळला.

बाहेर आल्यावर डेल्बर्टने मला काढून रामिलच्या हाती दिले. "मकारायग, मी तुम्हाला चोर म्हटलं नाही. पण दुसऱ्याला म्हणू दिलं. माझी लाज झाकायला. मला माफ करा."

"समुद्रावर बोटं सुजतात, सर," रामिल म्हणाला. "खूप जणांची सुजतात." म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी रामिलचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रामिलची नोकरी राहिली. माझी गेली, कारण पत्रक काही बदलले नाही. केचिकनला उतरल्यावर अर्ध्या तासाची सवड होती. तेवढ्या वेळात रामिल धक्क्यावरच्या बाकावर बसला, मला मांडीवर घेतले, कॉलरची सुई काढली आणि आधी खिशाचे भोक शिवले, मग दुमडीचे कापलेले टाके घातले. घाई नव्हती त्याला. मग दुकानात नेऊन मला स्वतःच्या हाताने दांडीवर टांगले, दोन्ही खांदे सारखे केले आणि बोटीकडे गेला.

आता मी इथेच आहे. गेल्या महिन्यात एक कोळी मला भाड्याने घेऊन भावाच्या लग्नात मिरवला, खाली तपकिरी रबरी बुटांवर. इथे असेच घालतात. मी त्याच्या खिशांवर लक्ष ठेवले नाही. ती सवय सोडायचा प्रयत्न करतोय.

मित्रांनो, जुने कपडे जपा, उसवलेला टाका वेळेवर घाला, हे सांगायला हवेच. एक टाका राहिला म्हणून एका भल्या माणसाचे आयुष्य पाण्यात जात होते. पण मला त्याहून मोठे काही सांगायचे आहे. कुणाबद्दल खोटा संशय घेतला असेल, मनातल्या मनात का होईना, तर त्या माणसासमोर जाऊन उभे राहा आणि माफी मागा. डेल्बर्टने मागितली, त्याला तोंड होते. त्या बाकावर रामिल टाके घालत होता तेव्हा प्रत्येक टाक्याला मला त्याला सांगायचे होते की मीही तुला चोर समजलो होतो. मला सांगता आले नाही. त्याने दोरा दाताने तोडला, शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झालं बरं का, चव्वेचाळीस."